तरुण खंडातील वार्धक्य

मालीचे लेखक आणि विचारवंत आमादू हाम्पाते बा यांनी १९६० साली पॅरिसमध्ये युनेस्कोच्या व्यासपीठावरून एक गोष्ट सांगितली आणि ती जगभर झाली. आफ्रिकेत एखादा वृद्ध मरण पावतो तेव्हा एक ग्रंथालयच जळून खाक होते, असा तिचा आशय होता. त्यांच्या मनात होती ती लेखणीला कधीच न सापडलेली, पिढ्यान्‌पिढ्या मुखातून कानाकडे चालत आलेली विद्या. पुढे या उद्गाराचे सुभाषित झाले. भाषणांच्या प्रारंभी, परिषदांच्या भित्तिपत्रकांवर, भेटकार्डांवरसुद्धा ते झळकू लागले आणि त्यातून एक समज पक्का होत गेला. पाश्चात्त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम काढले, आफ्रिकेने मात्र त्यांना गावच्या झाडाखाली मानाच्या जागी बसवले, असा तो समज. तो अगदीच खोटा नाही. पण ग्रंथालय जळाल्यावर हळहळणे वेगळे आणि ते उभे असताना त्याची झाडलोट कोण करतो, गळके छप्पर कोण शाकारतो, हे विचारणे वेगळे. हा दुसरा प्रश्न आफ्रिकेत गेली काही दशके निकडीचा होऊन बसला आहे.

आफ्रिका हा जगातील सर्वांत तरुण खंड. तेथील निम्मी माणसे एकोणीस-वीस वर्षांच्या आतली आहेत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत साठी उलटलेल्यांचे प्रमाण जेमतेम पाच टक्क्यांच्या घरात आहे. त्यामुळे सरकारे, मदत देणाऱ्या संस्था आणि अर्थतज्ज्ञ या सर्वांचे लक्ष बालके, माता आणि तरुणांची बेकारी यांवरच खिळून राहिले. परंतु टक्केवारी फसवी असते. टक्का लहान असला तरी माणसे कोट्यवधी आहेत आणि २०५० पर्यंत त्यांची संख्या आजच्या अडीच ते तीन पट होईल, असे संयुक्त राष्ट्रांचे अंदाज सांगतात. सरासरी आयुर्मानाचा आकडाही असाच चकवतो. आयुर्मान साठीच्या आसपास म्हणजे तेथे म्हातारे होण्याआधीच माणसे मरतात, असे आपण समजून चालतो. प्रत्यक्षात सरासरी खाली ओढतात ते बालमृत्यू. ज्याने साठी गाठली, त्याच्यापुढे तेथेही आणखी पंधरा-सोळा वर्षांचे आयुष्य असते. ती वर्षे कशी काढायची, हाच खरा प्रश्न आहे.

आफ्रिका म्हणजे एक गाव नव्हे. चोपन्न देशांच्या या खंडाविषयी सरसकट काही बोलणे धाडसाचे आहे. म्हणून येथे प्रामुख्याने दोन देशांकडे, पश्चिमेकडील घाना आणि दक्षिण टोकाच्या दक्षिण आफ्रिकेकडे, पाहू. इतर देश ओघात येतील.

दात येणे आणि दात पडणे

घानाच्या दक्षिण भागातील अकान समाजात एक म्हण आहे. तुला दात येईपर्यंत ज्यांनी तुला सांभाळले, त्यांचे दात पडू लागले की तू त्यांना सांभाळ. आफ्रिकी कुटुंबाच्या थोरवीचा दाखला म्हणून ही म्हण नेहमी दिली जाते. नीट ऐकली तर ती थोरवीची नाही, व्यवहाराची आहे. आधी घे, मग परत कर. ज्याने दिलेच नाही त्याचे काय, याविषयी म्हण गप्प आहे.

डच मानववंशशास्त्रज्ञ श्याक फान डेर खेस्ट यांनी १९९० च्या दशकात क्वाहू-ताफो या घानातील गावी जाऊन नेमके तेच विचारले. म्हाताऱ्यांच्या खोल्यांत बसून, त्यांच्याशी तासन्‌तास बोलून त्यांनी जे टिपले त्यात गोडवा कमी आणि हिशेब अधिक आहे. ज्या पुरुषाने उमेदीत गावी घर बांधले, मुलांची शाळेची फी भरली, त्याच्या दारी उतारवयात जेवणाचे ताट वेळेवर येते. ज्याने कोकोच्या मळ्यांत वा शहरात कमावलेले पैसे उडवले, बायको टाकली, मुलांकडे ढुंकून पाहिले नाही, त्याचे ताट कधी येते, कधी येत नाही. गावातले लोक त्याबद्दल मुलांना फारसा दोष देत नाहीत. त्याने तरी त्यांच्यासाठी काय केले, एवढेच म्हणतात. स्त्रियांचे तुलनेने बरे चालते, कारण मुले वाढवण्याचे काम त्यांच्या हातून झालेलेच असते.

अकान समाज मातृवंशीय. कूळ आईकडून चालते, त्याला अबुसुआ म्हणतात. या रचनेत बापाची मालमत्ता मुलांना नव्हे, तर त्याच्या बहिणीच्या मुलांना जाण्याची रीत होती. म्हणजे बापाला म्हातारपणी मुलांनी पाहायचे आणि तो गेल्यावर घर-मळा भाच्यांनी घ्यायचा. १९८५ साली घानाच्या तत्कालीन लष्करी राजवटीने मृत्युपत्र न करता मरण पावलेल्यांच्या वारसाविषयी कायदा केला आणि विधवा व मुलांना मालमत्तेत मोठा वाटा दिला. कागदावर न्याय झाला. कुळाची पकड त्याने सैल झाली हे खरे. पण म्हाताऱ्या मामाकडे लक्ष ठेवण्याचे भाच्याला जे एक कारण होते, तेही त्याबरोबर थोडे पातळ झाले. सुधारणेचे असे आडपरिणाम कायदा करणाऱ्यांना सहसा दिसत नाहीत.

याच अबुसुआविषयी अकानांची दुसरी एक म्हण आहे आणि ती घानातील मालमोटारींच्या पाठीवरही रंगवलेली आढळते. कुळाला प्रेत आवडते, असा तिचा अर्थ. घानातील अंत्यविधी हा मोठा सोहळा असतो. मृतदेह आठवडेच्या आठवडे शवागारात ठेवला जातो. त्या अवधीत घराला रंग लागतो, फलक छापले जातात, परदेशातील नातलगांना निरोप जातात. जिवंतपणी ज्या म्हातारीच्या खोलीचे छप्पर गळत होते, तिच्या प्रेतासाठी ते बदलले जाते. घानातील लोक स्वतःच या विसंगतीवर हसतात आणि पुढच्या शनिवारी काळे-लाल कपडे घालून पुन्हा अंत्यविधीला जातात. यामागेही व्यवहार आहे. आजारपणातील सेवा चार भिंतींआड होते, ती कोणी पाहत नाही. अंत्यविधी सारे गाव पाहते.

फान डेर खेस्ट यांनी नोंदवलेली आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. गावातील तरुण म्हाताऱ्यांना वाकून अभिवादन करत, दारावरून जाताना विचारपूस करत, पण बसत नसत. आम्हाला पुष्कळ ठाऊक आहे, पण ऐकायला कोणी येत नाही, अशी वृद्धांची तक्रार होती. जुन्या शेतीची, जुन्या तंट्यांची, वंशावळींची माहिती शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या कामाची उरली नव्हती. हाम्पाते बा यांचे ग्रंथालय जळण्याच्या किती तरी आधीच वाचकांवाचून ओस पडले होते.

शहराचा हिशेब

गावात जे हळूहळू घडत होते ते राजधानी आक्रामध्ये अधिक उघडपणे दिसले. आफ्रिकेतील वार्धक्याच्या अभ्यासक इझाबेला अबोदेरिन यांनी आक्रातील कुटुंबांतील तीन पिढ्यांशी बोलून २००६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक झाली, शिकली म्हणून मुले आईबापांना विसरली, हे सोपे उत्तर त्यांनी नाकारले. १९८० च्या दशकातील आर्थिक पुनर्रचनेच्या काळात नोकऱ्या गेल्या, पगारांची किंमत उरली नाही, सरकारी दवाखान्यांत शुल्क आले. मधल्या पिढीच्या हातात जे उरले ते एक तर मुलांच्या शिक्षणावर खर्च करायचे किंवा आईच्या औषधांवर. बहुतेकांनी मुले निवडली. आणि पुष्कळ आयांनाही तेच बरोबर वाटले, कारण नातवाचे शिक्षण बुडवून स्वतःचा औषधोपचार कोणत्या आजीला रुचेल? पण त्याबरोबर आणखी एक बदल झाला. पूर्वी बाप कसाही वागलेला असो, घराण्याचा धाक आणि शापाची भीती त्याला दोन घास मिळवून देत असे. आता मुले मागचा हिशेब मांडू लागली.

या ओढाताणीत एड्सची भर पडली, ती मुख्यतः खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागात. या आजाराने म्हातारे वा बालके नव्हेत, तर मधली, कमावती पिढी कापून काढली. युगांडा, झिंबाब्वे, मलावी, लेसोथो, दक्षिण आफ्रिका, जेथे पाहावे तेथे आजी आधी मुलीची शुश्रूषा करते आहे, मग तिला पुरते आहे आणि मग तिची मुले घेऊन पुन्हा पहिल्यापासून संसार मांडते आहे, असे दृश्य होते. दक्षिण आफ्रिकेत सरकारी रुग्णालयांतून एड्सवरील औषधे मिळू लागली ती २००४ पासून. तोवर एक पिढी आज्यांच्या पदरात पडली होती. ज्यांना सांभाळायचे म्हणून आपण वृद्धांकडे पाहतो, त्याच सांभाळ करत होत्या.

पेन्शनचा दिवस

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू, कारण गोष्टीला खरी कलाटणी मिळाली ती तेथे.

वृद्धांना सरकारी तिजोरीतून निवृत्तिवेतन देण्याचा कायदा त्या देशाने १९२८ मध्ये केला. त्यासाठी आयुष्यभर वर्गणी भरण्याची अट नव्हती. वय झाले आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असले की पुरे. मात्र तो लाभ गोऱ्यांसाठी आणि मिश्रवर्णीयांसाठी होता. काळ्या लोकांना वगळण्यासाठी जे कारण दिले गेले ते वाचण्यासारखे आहे. त्यांच्या चालीरीतींनुसार त्यांचे कुटुंबच वृद्धांची काळजी घेते, तेव्हा सरकारने त्यात पडण्याची गरज नाही! आफ्रिकी कुटुंबाची ही स्तुती करत असतानाच तेच सरकार त्या कुटुंबांतील पुरुषांना खाणींत जुंपत होते आणि वर्षातील अकरा-अकरा महिने घरापासून दूर ठेवत होते. १९४४ साली काळ्यांना आणि भारतीय वंशाच्या लोकांनाही कायद्यात घेतले गेले, पण रक्कम गोऱ्यांच्या तुलनेत नाममात्र होती. ती समान झाली १९९३ मध्ये, वर्णभेदी राजवटीच्या अगदी अखेरीस. पुरुषांना पासष्टीपर्यंत थांबावे लागे आणि स्त्रियांना साठीपर्यंत. २०१० पर्यंत तोही भेद मिटला. २०२५ साली सुमारे ४० लाख वृद्धांना दरमहा २,३०० रँडांच्या आसपास रक्कम मिळत होती.

आकड्यांपेक्षा तो दिवस महत्त्वाचा. बँका नसलेल्या खेड्यांत कित्येक वर्षे महिन्यातून एकदा रोकड घेऊन गाडी येत असे. पहाटेपासून म्हातारी माणसे रांगेत बसत. आसपास बाजार भरे. कोंबड्या, कपडे, साबण, शाळेचे गणवेश, सारे काही तेथे मिळे. बाजूलाच उभा असे माशोनिसा, म्हणजे गल्लीतला सावकार, कर्जापोटी आजीबाईंचे कार्ड स्वतःच्या खिशात ठेवणारा. आजी घरी परतेपर्यंत निम्मे पैसे वाटले गेलेले असत.

कोणावर? याचे उत्तर अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांच्या एका गाजलेल्या अभ्यासात सापडते. याच दुफ्लोंना पुढे २०१९ साली मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले. १९९३ च्या पाहणीतील माहितीवरून त्यांनी पाहिले की, ज्या घरात आजीला निवृत्तिवेतन मिळते तेथील लहान मुलींचे वजन आणि उंची स्पष्टपणे सुधारलेली आहे. मुलग्यांत तसा फरक दिसला नाही. आणि निवृत्तिवेतन आजोबांच्या हाती पडत असेल तर मुलगा असो वा मुलगी, कोणाच्याच अंगी ते लागलेले दिसले नाही. तेवढीच रक्कम, तेच घर, फक्त हात वेगळे. सामाजिक धोरणांच्या चर्चेत या एका निष्कर्षाने जेवढे वळण घडवले तेवढे क्वचितच कशाने घडवले असेल.

उलट बाजूही आहे. आजीचे पैसे आले की घरातले काही धडधाकट पुरुष काम सोडून बसतात, असे दुसऱ्या काही संशोधकांना आढळले. त्यावर आणखी एका गटाने दाखवून दिले की, घरी बसलेल्यांची गणना झाली, पण घराबाहेर पडलेल्यांची झालीच नाही. आजीच्या हाती नियमित पैसे आणि घरी मुलांकडे पाहणारे कोणी, असे झाले की तिच्या मुली शहराकडे कामाला जाऊ शकतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. घरातील कोण उठते आणि कोण बसते, हे पैशाने एकट्याने ठरत नाही.

तरीही एक गोष्ट वादातीत आहे. निवृत्तिवेतनामुळे कुटुंबे आपली जबाबदारी झटकतील, ही जी भीती सर्वत्र व्यक्त होत असे ती खरी ठरली नाही. म्हातारीभोवती घर गोळा झाले. कधी प्रेमाने, कधी पैशासाठी, बहुधा दोन्हींसाठी. गोगो, म्हणजे झुलू भाषेतील आजी, ही त्या घराची कमावती व्यक्ती झाली.

शेजाऱ्यांनी हे पाहिले. नामिबियात साठी उलटलेल्या प्रत्येकाला निवृत्तिवेतन आहे. बोट्स्वानाने १९९६ मध्ये ते सुरू केले. चिमुकल्या, गरीब लेसोथोने नोव्हेंबर २००४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना दरमहा १५० मलोटी देण्यास प्रारंभ केला, तोही परदेशी मदतीची वाट न पाहता स्वतःच्या अंदाजपत्रकातून. झांझिबारने २०१६ मध्ये आणि केनियाने २०१८ मध्ये सत्तरीपुढील सर्वांसाठी अशा योजना आणल्या. केनियाची रक्कम महिना २,००० शिलिंग ठरली. युगांडाची मर्यादा मात्र ऐंशी वर्षांची आहे. ती ठरवणाऱ्यांनी निदान पैसे वाचवण्यात कसूर केलेली नाही.

या साऱ्यांच्या आधी, १९५८ मध्येच, मॉरिशसने सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन लागू केले होते. मॉरिशस म्हटले की मराठी वाचकाचे कान टवकारतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तेथे आजही गणेशोत्सव साजरा करतात आणि वय झाले की इतरांप्रमाणेच सरकारी वेतनासाठी नाव नोंदवतात. तेथे या वेतनाला हात लावणे म्हणजे आगीशी खेळ. २००४ मध्ये सधन वृद्धांना वगळण्याचा प्रयत्न झाला, पुढच्याच वर्षी सरकार पडले आणि नव्या सरकारने ते पूर्ववत केले. आता मॉरिशसमध्ये साठीपुढील लोक जवळपास पाचवा हिस्सा झाले आहेत. जून २०२५ च्या अंदाजपत्रकात पात्रतेचे वय टप्प्याटप्प्याने पासष्टवर नेण्याची घोषणा झाली आणि लोक रस्त्यावर उतरले.

पांढऱ्या केसांचे भय

पैशाचा आणि प्राणाचा संबंध किती जवळचा असू शकतो हे टांझानियाच्या वायव्येकडील सुकुमा प्रदेशात दिसते. तेथे वृद्ध स्त्रियांना चेटकीण ठरवून ठार मारण्याचे प्रकार अनेक दशके घडत आले. लाल डोळे ही चेटकिणीची खूण मानली जाई. चुलीच्या, शेणाच्या गोवऱ्यांच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईचे डोळे लाल होणार नाहीत तर काय! अर्थतज्ज्ञ एडवर्ड मिगेल यांनी तेथील मेआटू जिल्ह्यातील ६७ गावांची माहिती गोळा केली आणि २००५ साली प्रसिद्ध केली. अतिवृष्टीच्या किंवा अवर्षणाच्या वर्षांत अशा हत्या दुप्पट झालेल्या आढळल्या. इतर खुनांत मात्र तशी वाढ नव्हती. मारणारे पुष्कळदा घरचेच असत. धान्य संपत आले की खाणारे एक तोंड जड होते आणि मग त्या जडपणाला चेटकाचे नाव मिळते, असा याचा अर्थ. वृद्ध स्त्रियांना नियमित निवृत्तिवेतन द्या, म्हणजे त्या घराला ओझे न वाटता आधार वाटतील, असा उपाय मिगेल यांनी सुचवला आणि त्यासाठी दाखला दिला तो दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागाचा.

केनियाच्या किनाऱ्यावर, किलिफी परगण्यात, असे आरोप म्हाताऱ्या पुरुषांवर होतात. त्यामागे अनेकदा जमिनीचा वाद असतो. तेथे काही वृद्ध केस काळे करतात, ते हौसेने नव्हे. उत्तर घानात आरोप झालेल्या स्त्रियांसाठी गांबागासारख्या ठिकाणी वेगळ्या वस्त्याच आहेत. जुलै २०२० मध्ये काफाबा गावी नव्वदीच्या एका वृद्धेला भर दिवसा लोकांसमोर मारून टाकण्यात आले, तेव्हा साऱ्या देशाची मान खाली गेली. चेटकाचा आरोप करणे हा गुन्हा ठरवणारे विधेयक घानाच्या संसदेने २०२३ मध्ये मंजूर केले, परंतु तत्कालीन अध्यक्षांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. आफ्रिकी संघटनेने वृद्धांच्या हक्कांची जी संहिता जानेवारी २०१६ मध्ये स्वीकारली, तिच्यात अशा आरोपांपासून संरक्षणाची तरतूद आहे. पंधरा देशांची मान्यता जमायला आठ वर्षे लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती अमलात आली.

याच खंडातील एक अगदी वेगळे चित्र झिंबाब्वेत पाहायला मिळते. हरारे शहरातील म्बारे या गरीब वस्तीत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांना २००६ च्या सुमारास काम करायचे होते, पण हाताशी ना डॉक्टर होते, ना परिचारिका, ना खोली. होत्या त्या चौदा आज्या. त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकावर बसवण्यात आले. शोना भाषेत नैराश्याला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, असा शब्द आहे. आज्या तोच शब्द वापरत, समोरच्याची कहाणी ऐकत आणि एका वेळी एकच अडचण सोडवायला मदत करत. २०१६ साली अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या बाकाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा गुण अधिक असल्याचे दिसून आले. क्वाहू-ताफोच्या वृद्धांकडे ऐकायला कोणी येत नव्हते. येथे ऐकण्याचे काम आज्यांनीच पत्करले आणि त्यांच्यासमोर रांग लागली.

अंघोळ कोण घालणार?

निवृत्तिवेतनाने पीठ येते, गणवेश येतो, मानही येतो. पण आजी अंथरुणाला खिळली की तिला उठवून बसवायला, अंघोळ घालायला, रात्री कूस बदलायला माणूस लागतो. पक्षाघात, मधुमेह, स्मृतिभ्रंश हे दीर्घकाळ रेंगाळणारे आजार आता आफ्रिकेतही वाढत आहेत. स्मृतिभ्रंशाला कित्येक भाषांत नाव नाही आणि जे नाव मिळते ते पुष्कळदा चेटकाच्या जवळ जाणारे असते.

वृद्धाश्रम हा शब्द बहुतेक आफ्रिकी देशांत अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो. नैरोबीच्या कसारानी भागात जोगिणींनी चालवलेले ‘न्युम्बा या वझे’, म्हणजे ज्येष्ठांचे घर, आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात सरकारी अनुदानाचे वृद्धाश्रम मुख्यतः गोऱ्यांसाठी होते. २००६ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने भर बदलला आणि वस्तीतच दिवसाची केंद्रे, एकत्र जेवण, घरी जाऊन शुश्रूषा यांवर जोर दिला. झिंबाब्वेतील जुन्या वृद्धाश्रमांत तर एके काळी मलावी आणि मोझांबिकमधून शेतमळ्यांवर व खाणींवर आलेले मजूरच अधिक असत. आयुष्य परक्या देशात राबण्यात गेले आणि परतायला ना घर उरले ना माणूस.

घानाच्या सरकारने २०१० साली वार्धक्यविषयक धोरण ठरवले. त्यात भार पुन्हा कुटुंबावरच आहे. केनियाच्या त्याच वर्षीच्या राज्यघटनेत वृद्धांना कुटुंब आणि राज्य या दोघांकडूनही आधार मिळण्याचा हक्क लिहिला गेला, हा फरक लहान नाही. वृद्धाश्रम आमच्या संस्कृतीत बसत नाहीत, असे घानातील अधिकारी ठासून सांगतात. गंमत अशी की, अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ केटी को यांनी घानाच्या पूर्व प्रांतातील लहान गावांत विचारले तेव्हा अशी एखादी जागा हवी असे म्हणणारे स्वतः म्हातारेच निघाले. मुले दूर, दिवस मोठा, बोलायला समवयस्क कोणी असावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. काही चर्चनी त्यांच्यासाठी मासिक मेळावे सुरू केले. तेथे रक्तदाब तपासला जातो, थोडा व्यायाम होतो, मग सारे मिळून जेवतात. पण अंथरुणाला खिळलेल्याला तेथवर जाता येत नाही. १९२८ मध्ये गोऱ्या सरकारने जे कारण पुढे केले होते, तेच आज स्वदेशी अधिकाऱ्याच्या तोंडी ऐकताना चमत्कारिक वाटते.

अधिकारी काही म्हणोत, आक्रा आणि तेमा शहरांत घरी शुश्रूषेला बाई पुरवणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. गिऱ्हाईक असते परदेशात नोकरी करणारी मुलगी वा मुलगा. पैसे तिकडून येतात, आई इकडे एकटी असते. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेली तरुणी घरात येते. स्वतःला ती परिचारिका समजते. घरचे तिला मोलकरीण समजून भांडी घासायला सांगतात आणि तंटे तेथूनच सुरू होतात. पूर्वी हे काम गावाकडून आणलेली दूरच्या नात्यातली मुलगी करत असे. तिला पगार नसे, शिवणयंत्र किंवा शिकण्याची सोय असे काही तरी पुढे मिळेल असे आश्वासन असे. आता पगार आहे, नाते नाही.

आणि परदेशातील ती मुलगी काय करते? घानातून अमेरिकेत गेलेल्या कित्येक स्त्रिया तेथे परक्या वृद्धांची घरी राहून सेवा करण्याचीच नोकरी करतात. दुसऱ्याच्या वडिलांना अंघोळ घालून मिळालेल्या डॉलरांतून त्या आक्रातल्या आईसाठी बाई ठेवतात. त्या बाईला बहुधा एखादे लहान मूल असते. ते तिने गावी, स्वतःच्या आईजवळ ठेवलेले असते.